धुऱ्यावरचा नारळ थंडीनं करपला. तोडायचा की थांबायचं?

वरूडचा_धुरा | १२ जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं साडेचार एकर संत्र्याचं वावर आहे. विहिरीजवळच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठं नारळाचं झाड आहे आणि त्याच ओळीत मागच्या पावसाळ्यात लावलेली आठ रोपं.

मोठं झाड आईनं लावलं होतं. एका नवरात्रात घटावरचा नारळ कोंबला. आईनं तो उचलून ठेवला, महिनाभर माठाखालच्या ओलीत सांभाळला आणि मग धुऱ्यावर नेऊन लावला. त्याला आता चौदा वर्षं झाली. आईला जाऊन तीन. झाड दोन पुरुष उंच आहे, मागच्या दोन वर्षांपासून वीस-पंचवीस नारळ देतं.

गेल्या आठवड्यात ओळीनं चार रात्री कडाक्याचा गारठा पडला. विहिरीच्या खांबाला थर्मामीटर टांगलेलं आहे, त्यात एका पहाटे ४ अंश दिसले. त्यानंतर तीन-चार दिवसांत उत्तरेकडची पानं तांबूस पडली, आता शेंड्यापासून वाळत चालली आहेत. मधली न उमललेली सुरळी उभी आहे, पण फिकट झाली आहे. सुपारीएवढी बारीक फळं खाली पडली, मी सकाळी एकोणीस मोजली. लहान रोपांतली पाच तर उकडलेल्या भाजीसारखी दिसतात.

बाबा म्हणतात, नारळ आपल्या मुलखाचं झाड नाही, संक्रांत झाली की तोडून टाकू, संत्र्यावरची सावलीही जाईल. मला तोडायचं नाही. पण झाड मेलंच असेल तर हट्ट धरण्यात अर्थ नाही हेही कळतं. ते जिवंत आहे की नाही हे कसं ओळखायचं? आणि असेल तर आत्ता काय करायचं?

मेळघाट_पायथा | १२ जानेवारी, रात्री १०:०५

दादा, तोडू नका. आमच्या परतवाड्याकडच्या घरामागं दोन आहेत, दर दोन-तीन वर्षांनी पानं अशीच जळतात आणि उन्हाळ्यात परत नवीन येतात. एवढंच सांगू शकतो. जाणते लोक येतील.

काळी_माती | १३ जानेवारी, पहाटे ५:५०

पोरा, पहिले हे सांग, त्या झाडाले पाणी शेवटचं कधी देल्लं?

वरूडचा_धुरा | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

काका, आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतला संत्र्याचा फुलोरा) बगीचा ताणावर आहे, म्हणजे फूल धरावं म्हणून पाणी तोडलंय. ५ डिसेंबरपासून पाणी बंद. नारळाला वेगळी नळी नाही, संत्र्याच्याच ओळीवर आहे. म्हणजे नारळालाही सव्वा महिना पाणी नाही.

काळी_माती | १३ जानेवारी, सकाळी ७:४०

मग तुह्या झाडाले थंडीनं एकटीनं नाही मारलं. थंडी अन् कोरड दोघींनी मिळून मारलं.

जरा बैजवार लिहितो, आज भोगी हाये, वावरात उशिरा जाईन. मी काटोलकडला. माह्या बगीच्यात बारा नारळं हायेत, तीस वर्षांपासून. २९ डिसेंबर २०१८ ची रात्र मले जशीच्या तशी आठवते. त्या पहाटे नागपूरले ३.५ अंश नोंदले होते, अन् आमच्या खोलगट वावरात त्याहूनही खाली असन. माह्या बारांतले सात झाडं विहिरीच्या दांडाजवळ होते, त्याह्यले पाणी सुरू होतं. पाच झाडं संत्र्याच्या ताणात सापडले. ओलीतल्या सातही झाडाईचे फक्त पानाचे शेंडे जळले. ताणातल्या पाचांतले दोन मेले. थंडी तेच, रात्र तेच, वावर तेच.

कारण सोपं हाये. काळ्या मातीत ओल असली का दिवसाचं ऊन ते खोलवर घेते अन् रातभर हळूहळू सोडते. कोरडी माती वरच्यावर तापते अन् सांज झाली का गार. त्यात पुन्हा विहिरीचं पाणी. हिवाळ्यात पहाटे मोट चालायची तवा आमचे आजे म्हणत, पाण्यात हात घाल, ऊब येईल. तू उद्या पहाटे बादलीभर पाणी काढ अन् त्यात थर्मामीटर टाकून पाह्य. मंग मले सांग.

कोकणातून_वर्धेत | १३ जानेवारी, दुपारी २:३०

मी मूळचा सिंधुदुर्गातला, नोकरीनं वर्धा जिल्ह्यात बावीस वर्षं. माडाशी नातं लहानपणापासूनचं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आंब्याची फांदी जळली तर शेजारून दुसरा फुटवा येतो. माडाला तसा पर्याय नाही. त्याला वाढीचा एकच डोळा असतो, शेंड्याच्या पोटात, पानांच्या देठांनी गुंडाळलेला. तो मेला की झाड गेलं. तो जिवंत असेल तर बाहेरची सगळी पानं वाळली तरी झाड परत येतं. म्हणून बाहेरची जळालेली पानं बघून झाडाचा निकाल लावू नका.

माडाला साधारण २७ अंशांच्या आसपासचं तापमान सगळ्यांत मानवतं. १५ च्या खाली गेलं की त्याची वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात. कोकणात किनाऱ्याला रात्र फारशी उतरतच नाही, समुद्र ऊब धरून ठेवतो. इथं नागपुरात जानेवारीचं सरासरी किमान तापमानच १२-१३ अंशांच्या घरात, आणि मे महिन्यात दुपारी ४५. त्यातून माड उभा राहतो हेच मला दरवर्षी मोठं वाटतं.

फळगळीचं वाईट वाटून घेऊ नका. निरोगी माड वर्षाला साधारण बारा पानं काढतो आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा, असते. पान जळालं की त्या बगलेतल्या फळांचं पोषण तुटतं. झाड आधी स्वतःला वाचवतं, फळं सोडून देतं.

आता परीक्षा. शिडी लावून वर चढा, पण सोबत माणूस घेऊन. मधल्या सुरळीला दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा. जोर लावायचा नाही. घट्ट बसलेली असेल तर उत्तम. हातात निघून आली तर तिच्या खालच्या टोकाचा वास घ्या. आंबूस, कुजका वास आला आणि टोक तपकिरी लिबलिबीत असेल तर आत कूज सुरू झाली आहे. तेव्हा घाई करावी लागते. एवढं करून कळवा, पुढचं मग बोलू.

रोप_आणि_रान | १३ जानेवारी, सायंकाळी ६:१०

अमरावतीजवळ माझी छोटी रोपवाटिका आहे. दादा, चढाल तेव्हा आणखी दोन गोष्टी पाहा. पानं कात्रीनं तिरपी कापल्यासारखी दिसत असतील तर तो गेंड्या भुंग्याचा उपद्रव, थंडीचा नाही. खोडाला भोकं आणि त्यातून तपकिरी चिकट पाणी येत असेल तर सोंड्या भुंगा. आणि सगळ्यांत खालच्या जुन्या पानांवर नारिंगी ठिपके असतील तर पालाश (पोटॅश) कमी पडलाय. थंडीवर खापर फोडायच्या आधी हे तिन्ही तपासून घ्या. माझ्याकडे येणारी निम्मी "थंडीनं गेलेली" झाडं प्रत्यक्षात भुंग्यानं पोखरलेली असतात.

वरूडचा_धुरा | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा.

पहाटे साडेपाचला गेलो. खांबावरच्या थर्मामीटरमध्ये ७. मोटर सुरू करून बादली भरली, थर्मामीटर त्यात टाकलं, मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर २४. पाण्यातून वाफ निघत होती. एवढी वर्षं त्याच पाण्यानं तोंड धुतो, पण हे असं मोजून कधी पाहिलं नव्हतं. काका, तुम्ही सांगितलं ते डोळ्यांनी पाहिलं.

मोठ्या झाडाची सुरळी हलली नाही. दोन वेळा ओढून पाहिली, घट्ट आहे. भोकं नाहीत, कातरलेली पानं नाहीत. नारिंगी ठिपके मात्र आहेत, खालच्या चार-पाच पानांवर बरेच.

लहान आठांतल्या तिघांची सुरळी हातात आली. एकीला घाण वास होता, दोन नुसत्या ओल्या होत्या.

आता माझी खरी अडचण. बाबा म्हणतात पाणी सोडलं तर संत्र्याचा ताण मोडेल. अजून पानं पुरती मलूल व्हायची आहेत. आंबिया फुटला नाही तर वर्षाचं पीक गेलं. एका नारळासाठी बगीचा पणाला लावू नको म्हणतात, आणि ते चूक बोलतात असं मी म्हणू शकत नाही.

काळी_माती | १४ जानेवारी, सकाळी ९:०५

बाबा खरं बोलते. ताण मोडाचा नाही. पण दोन्ही जमते.

नारळापासून जवळचं संत्राचं झाड किती दूर हाये?

वरूडचा_धुरा | १४ जानेवारी, सकाळी ९:२०

सोळा फूट. आत्ताच टेप लावून आलो.

काळी_माती | १४ जानेवारी, सकाळी ९:५०

मंग कायची चिंता. नारळाच्या खाण्यापिण्याच्या मुळ्या बऱ्याचशा खोडापासून दोन मीटरच्या घेऱ्यातच असतात. खोडाभोवती पाच फुटाचं आळं कर, काठ चांगला उंच बांध. विहिरीवरून वेगळी नळी काढ, तिले वेगळा कॉक बसव. पाणी आळ्यातच राह्यलं पाह्यजे. सोळा फुटावरच्या संत्राले त्याचा पत्ता लागत नाही. भीती वाटत असन तर मधात, संत्राच्या बाजूनं, एक हात खोल नाली खोदून ठेव.

पहिलं पाणी एकदम धो धो देऊ नको. सव्वा महिन्याची कोरड हाये, माती भेगाळली असन. भेगाईतून पाणी सरळ खाली जाते अन् मुळीले काही भेटत नाही. पहिले वखराच्या पाशीनं नाही तर खुरप्यानं भेगा बुजव, मंग थोडं थोडं तीनदा दे. त्यानंतर चार-पाच दिवसांनी एकदा. अन् येळ निवड. रात्रपाळीची लाईन (वीज) असन त्या आठवड्यात पहाटे तीन-चार वाजता सोड. कोमट पाणी थंडीच्या ऐन येळेवर बुडाशी पोचलं पाह्यजे.

तणसाची_गंजी | १४ जानेवारी, रात्री ८:४५

मी गोंदिया जिल्ह्यातली. आमच्याकडची थंडी विदर्भात सगळ्यांत आधी येते आणि उशिरा जाते, त्यामुळं लहान रोपांबद्दल मला सांगावंसं वाटतं. मोठ्या झाडाचं वरचे जाणते सांगतीलच जी.

धानाच्या बांध्यांच्या काठानं मी सहा नारळ लावले. पहिल्या वर्षी तीन गेले. मी काय केलं होतं तर पोटाला बांधतात तशी प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली होती. दिवसा आत वाफ धरायची, रात्री तीच वाफ पानांवर गार पाणी होऊन बसायची. जिथं प्लास्टिक पानाला टेकलं होतं, बरोबर तिथंच पान काळं पडलं. उघडलं तेव्हा प्लास्टिकच्या घड्या पानावर उमटलेल्या दिसत होत्या. तेव्हापासून प्लास्टिक बंद.

आता असं करते. रोपाभोवती चार बांबू, रोपापेक्षा हातभर उंच. उत्तर आणि पश्चिम बाजूला तुराट्यांचा ताटवा. वरून तणसाची (धानाच्या पेंढ्याची) टोपी, झोपडीला घालतो तशी उतरती, म्हणजे दव मधल्या कोंबात गळत नाही. आग्नेयेची बाजू उघडी ठेवायची, सकाळचं पहिलं ऊन तिथून आत आलं पाहिजे. तणस पानाला टेकू द्यायचं नाही, मध्ये चार बोटं जागा. दिवाळीनंतर बांधते आणि महाशिवरात्रीला काढते. थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात ना, तोपर्यंत हात लावत नाही.

तुमच्याकडं धान नसेल तर सोयाबीनचं कुटार (भुसा) टोपीला चालत नाही, घसरतं. ज्वारीचा कडबा घ्या.

वरूडचा_धुरा | १४ जानेवारी, रात्री ९:३०

ताई, तुराट्या भरपूर आहेत, कडबा शेजाऱ्यांकडं मिळेल. उद्याच करतो. बुडाशी आच्छादन किती जाड ठेवू?

रोप_आणि_रान | १४ जानेवारी, रात्री १०:१५

आच्छादन सहा इंच तरी करा. ओल टिकते, मुळांना ऊब राहते.

काळी_माती | १५ जानेवारी, पहाटे ५:३०

मले हे पटत नाही. उन्हाळ्यात आच्छादन पाह्यजेच, त्यात दुमत नाही. पण हिवाळ्यात जाड कुटार टाकलं का दिवसाचं ऊन मातीपर्यंत पोचत नाही. माती तापली नाही तर रात्री सोडणार काय? आमच्या बगीच्यात गवत असलेल्या भागात दव जास्त पडते अन् साफ, ओल्या, दाबलेल्या काळ्या मातीवर कमी. हे मी दरसाल पाह्यतो.

रोप_आणि_रान | १५ जानेवारी, सकाळी ८:००

काका, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि माझ्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टी वाचवतोय. मुळं वाचवायची तर आच्छादन हवं. मातीवरची हवा ऊबदार ठेवायची तर माती उघडी आणि ओली हवी. आपल्याकडं माती गोठत नाही, त्यामुळं मुळांना थंडीचा खरा धोका नाही. धोका आहे तो जमिनीपासून हात-दोन हातांवर असलेल्या लहान रोपाच्या कोंबाला. तेव्हा लहान रोपांपुरतं तुमचं खरं धरते: थंडीच्या लाटेत दिवसा आच्छादन बाजूला सारा, माती ओली करा. मोठ्या झाडाचा कोंब दोन पुरुष उंच आहे, त्याला काही फरक पडत नाही. तिथं आच्छादन ठेवा, भेगा पडणार नाहीत.

काळी_माती | १५ जानेवारी, सकाळी ८:२०

हे मान्य. बुजलेल्या भेगा परत पडू नये म्हणून मोठ्या झाडाले कुटार टाक.

बोर_नदी | १५ जानेवारी, दुपारी १:००

आमच्याकडं थंडीत संत्र्याला धुनी (धुराची शेकोटी) करतात तशी नारळाखाली करावी का? आणि मीठ टाकायचं असतं म्हणतात ते कधी?

कोकणातून_वर्धेत | १५ जानेवारी, रात्री ९:००

मिठाचं आधी. माडाला क्लोराइड लागतं हे खरं, किनाऱ्यावर ते आपोआप मिळतं. पण भारी काळ्या जमिनीत निचरा कमी असतो, मीठ साचून माती आणखी चिवट होते. शिवाय शेजारी संत्रा आहे आणि संत्र्याला क्लोराइड अजिबात सोसत नाही. मीठ नको. त्याऐवजी पालाश नीट द्या, तुमच्या झाडाला तो कमी पडलाच आहे. मोठ्या माडाची वर्षाची शिफारस ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी आहे. १२०० ग्रॅम पालाश म्हणजे २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. त्यातही क्लोराइड असतं, म्हणून फक्त आळ्यातच द्या. एक तृतीयांश पावसाच्या सुरुवातीला, उरलेलं सप्टेंबर-ऑक्टोबरात. पोटभर पालाश असलेलं झाड थंडीही बरी सोसतं आणि कोरडही. आत्ता, गारठ्यात, काही देऊ नका. मुळं उचलणार नाहीत. युरिया तर मुळीच नको, कोवळी पालवी येईल आणि ती आधी जळेल.

धुनीबद्दल मी एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या हातून घडली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी घराच्या अंगणातल्या माडाखाली मी पऱ्हाट्यांची शेकोटी केली. वारा नव्हता. पण खाली लोंबणारी दोन वाळकी झापं होती, ती पेटली, आणि जाळ क्षणात वर गेला. आम्ही पाणी मारून विझवला तोवर शेंडा भाजून निघाला होता. चाळीस दिवसांनी झाड गेलं. थंडीनं ते मेलं नसतं. ज्यांना धुनी करायची आहे त्यांनी झाडापासून दहा-पंधरा फूट लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लहान लहान तीन-चार ढीग करावेत. धुराचं पांघरूण होतं अशी समजूत आहे, पण उपयोग होतो तो उष्णतेचा. ऊब वर जाते आणि वरची-खालची हवा ढवळली जाते. एक मोठा जाळ केला तर सगळी ऊब सरळ आभाळात जाते.

पोल्ट्रीवाला_मोर्शी | १५ जानेवारी, रात्री ९:४०

आम्ही पिल्लांसाठी जुने तारेचे ६० वॉटचे बल्ब लावतो, ती युक्ती ताईंच्या ताटव्यात चालेल. घराजवळच्या रोपाला फक्त. एलईडी लावून काही होणार नाही, तो तापत नाही. बल्ब कडब्याला टेकू देऊ नका आणि वायर पाण्यातून नेऊ नका.

वरूडचा_धुरा | १६ जानेवारी, रात्री ८:००

आज दिवसभर हेच काम केलं. भेगा बुजवल्या, आळं बांधलं, नाली खोदली, नळी टाकली. बाबा सकाळी लांबून पाहत होते. दुपारी येऊन संत्र्याच्या बाजूनं मातीत बोट घालून पाहून गेले, कोरडी होती. काही बोलले नाहीत.

आठही रोपांना ताटवा आणि टोपी झाली. ज्या तीन रोपांच्या सुरळ्या निघाल्या त्यांचं काय करू?

कोकणातून_वर्धेत | १६ जानेवारी, रात्री ८:५०

संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावता ना, तीच. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी हे प्रमाण तुम्हाला पाठच असेल, तुम्हाला त्यातलं थोडंच लागेल. धारदार चाकू स्वच्छ करून कुजका भाग पांढरा निरोगी गाभा दिसेपर्यंत काढा. गाभा दिसला की थांबा, त्याला धक्का लावू नका. मग पेस्ट लावा आणि वर दव किंवा पाऊस जाणार नाही असं झाकण घाला, नवीन कोंब बाहेर येईपर्यंत. पेस्ट करताना लोखंडी चाकू मिश्रणात बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला, नाहीतर तांब्यानंच कोंब जळेल.

ज्याला घाण वास होता त्याच्यावर फार आशा ठेवू नका.

मोठ्या झाडाच्या शेंड्यात मात्र काहीही ओतू नका. सुरळी घट्ट आहे. आणि पानांवर फवाऱ्यानं पाणी मारू नका. कोंबात साचलेलं पाणी या दिवसांत वाळत नाही, तिथूनच कूज लागते.

आता एक सोपं काम. त्या सुरळीवर आणि तिला लागून असलेल्या पानाच्या देठावर, दोन्हीकडं एकाच उंचीवर, पक्क्या शाईच्या पेननं आडवी रेघ मारा. देठ हलत नाही, सुरळी वाढली तर तिची रेघ वर सरकते. तिथं खोटं काही चालत नाही. पंधरा दिवसांनी पाहा. आणि वाळलेली पानं होळीपर्यंत कापू नका. कितीही वाईट दिसली तरी. ती वाळून खाली वाकली तरी कोंबाला आडोसा देतात, आणि अर्धवट हिरव्या पानातलं अन्न झाड ओढून घेत असतं.

सिरोंच्याची_ताडी | १७ जानेवारी, सकाळी ७:००

आमच्या गोदावरीकाठच्या ताडांना आणि रानातल्या गोरग्याला (भेरली माडाला) कोणी झाकत नाही, पाणी देत नाही. शिंदी तर अख्ख्या विदर्भात नाल्याकाठी उभी आहे. मला वाटतं ज्यांना फक्त पामची शोभा हवी त्यांनी शिंदी, खजूर लावावेत. हट्टानं अरेका आणि रॉयल पाम आणून दर हिवाळ्यात जाळण्यापेक्षा ते बरं. नारळाची गोष्ट वेगळी, त्याला देवाजवळ जागा आहे.

मेळघाट_पायथा | १७ जानेवारी, सकाळी ९:३०

खरं आहे. माझा भाऊ उत्तराखंडात असतो. तिकडं पिथोरागढच्या डोंगरात बर्फ झेलणारा एक रानटी पाम आहे, ट्रॅकीकार्पस म्हणतात. तो थंडीला भीत नाही, पण आपल्या मे महिन्यात टिकेल असं मला वाटत नाही. आपल्याला दोन्ही टोकं सोसणारं झाड लागतं.

वरूडचा_धुरा | १ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

पंधरा दिवस झाले. वर चढलो. रेघा समोरासमोरच आहेत. अजिबात हललेली नाही. सुरळी अजून घट्ट आहे, पण पानं आता वरपर्यंत वाळली. पाणी पहाटे दर पाचव्या दिवशी चालू आहे. संत्र्याचा ताण मोडलेला नाही, २० तारखेला नेहमीसारखं पाणी सोडलं आणि आता फूट दिसायला लागली आहे.

बाबांनी मला विचारलं, किती दिवस पाहायचं? मला उत्तर देता आलं नाही.

काळी_माती | १ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

होळीपर्यंत. माह्या २०१८ च्या झाडाईतलं एक तीन महिने मेल्यासारखं उभं होतं. रात्री अजून १२-१३ च्या खाली हाये, त्यात ते वाढणारच नाही. न वाढणं अन् मरणं येगळं. सुरळी घट्ट हाये तवर कुऱ्हाड लावाची नाही. बाबाले माह्या नावानं सांग.

तणसाची_गंजी | १ फेब्रुवारी, रात्री ९:००

दादा, आईच्या हातचं झाड आहे. आणखी महिनाभर पाणी टाकायला काय जातं जी.

वरूडचा_धुरा | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

आज सुरळीवरची रेघ देठावरच्या रेघेच्या दोन बोटं वर आहे. दोनदा पाहिलं, मग खाली उतरून बाबांना बोलावलं. ते शिडी चढले नाहीत, मी मोबाईलमध्ये फोटो काढून दाखवला.

लहान रोपांतली एक गेली, तीच घाण वासाची. बोर्डो लावलेल्या दुसऱ्या दोघांत एकीचा पांढरा कोंब झाकणाखाली करंगळीएवढा दिसतोय.

कोकणातून_वर्धेत | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

छान. फार छान. आता पहिली एक-दोन पानं वाकडी, आखूड, तपकिरी टोकांची येतील. ती सुरळीत असताना भाजलेली आहेत, घाबरू नका आणि कापू नका. मार्चपासून ऊन चढेल, तेव्हा ताटव्याची टोपी काढली तरी पश्चिमेची बाजू राहू द्या. आपल्याकडं लहान माडाला गारठ्यातून काढलं की लगेच उन्हातून काढावं लागतं.

काळी_माती | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

शाबास पोरा. पुढच्या साली ताण द्याच्या आधीच नारळाचा कॉक येगळा ठेवजो.

वरूडचा_धुरा | होळीच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी ६:३०

पान उमललं. कोकणातल्या सरांनी सांगितलं तसंच, आखूड आणि टोकाला करपलेलं, पण मधून हिरवंगार. त्याच्या पोटातून दुसरी सुरळी निघाली आहे, हातभर आहे. वाळलेली पानं आज कापली, अकरा निघाली. चार अर्धी हिरवी होती, ती ठेवली.

कापलेली झापं बाबांनी उचलून नेली. मला वाटलं चुलीला. संध्याकाळी विहिरीवर गेलो तर लहान रोपांच्या पश्चिमेच्या ताटव्यांना ती आडवी बांधलेली दिसली, सुतळीनं, सातही रोपांना. आणि मोठ्या झाडाच्या आळ्यात पाणी सुरू होतं.